दारातला डॉक्टर

लॉस एंजेलिस
२४ जानेवारी १९४९

मिस डॉर्थिया ब्रोस्ट्रप यांस,

आपली कधी भेट झालेली नाही. मी इर्मा, तुमच्या भावाची, ॲक्सेलची पत्नी. माझी तार तुम्हाला मिळाली असेल. तारेत फार लिहिता येत नाही म्हणून हे पत्र. मला पत्रं लिहायची सवय नाही, काही चुकलं तर समजून घ्या.

ॲक्सेल ९ तारखेला, रविवारी सकाळी गेला. दाढी करायला उभा होता. "आज पाणी नीट तापलं नाही," असं म्हणाला. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "मग थांब ना जरा." त्यानंतर आवाज आला नाही म्हणून जाऊन पाहिलं. फार त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. चौसष्ट वर्षांचा होता.

अंत्यविधीला एकोणीस माणसं आली. त्यातली अकरा त्याच्याच धंद्यातली होती. जन्मभर सिनेमात न्यायाधीश, शेरीफ, खानसामे आणि म्हातारे कर्नल झालेली. या लोकांना काळे कोट स्वतःचेच ठेवावे लागतात, त्यामुळे सगळे इतके रुबाबदार दिसत होते की रस्त्यावरच्या एका बाईनं मला विचारलं, "कुणी सिनेटर गेले का?" मी नाही म्हटलं. ॲक्सेलला हे आवडलं असतं.

आता कामाचं. दोन वर्षांपूर्वी तो मला म्हणाला होता, "मला नॉर्बीला आईशेजारी ठेव." पुन्हा कधी बोलला नाही, पण तो एकदा बोललेलं पुन्हा बोलत नसे. त्याची रक्षा इथल्या दहनगृहात ठेवली आहे. मी तुमच्या चर्चच्या पास्टरना लिहिलं. आईशेजारची जागा तुमच्या नावावर आहे, तुमच्या परवानगीशिवाय काही करता येणार नाही, असं त्यांनी कळवलं.

तेवढी परवानगी मागण्यासाठी हे पत्र आहे. येण्याजाण्याचं सगळं मी बघेन.

आपली,
इर्मा ब्रोस्ट्रप


नॉर्बी, आयोवा
३ फेब्रुवारी १९४९

मिसेस ब्रोस्ट्रप,

तार मिळाली. पत्रही मिळालं. वाईट वाटलं. तुम्ही एकट्या पडलात याचंही वाटलं.

आईशेजारी एकच जागा उरली आहे आणि ती माझी आहे. १९२७ साली मी ॲक्सेलकडे राहायला जागा मागितली होती. त्यानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. मी वर्षभर वाट पाहिली. त्यानं मला जागा दिली नाही, मी माझी त्याला का द्यावी ते मला कळत नाही.

इथली जमीन एप्रिलपर्यंत दगडासारखी असते. कॅलिफोर्नियात जमीन गोठत नाही म्हणतात. तुम्हाला तिथेच सोपं जाईल.

डॉर्थिया ब्रोस्ट्रप


लॉस एंजेलिस
१० फेब्रुवारी १९४९

मिस ब्रोस्ट्रप यांस,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रागाचं उत्तर रागानं देणार नाही, कारण तुम्ही काय विचारलं होतं तेच मला माहीत नाही. तुमच्याविषयी तो फार बोलत नसे. एकदाच म्हणाला होता, "माझी बहीण माझ्यावर रागावली आहे, आणि तिचं बरोबर आहे." मी पुढे विचारलं नाही. आमच्या घरात फार विचारायची पद्धत नव्हती.

पण तुम्ही पत्र पाठवलं आणि त्यानं उत्तर दिलं नाही, हे मला पटत नाही. तो कुणालाही उत्तर द्यायचा. एकदा ओहायोतल्या एका माणसानं लिहिलं होतं, "तुम्ही अमुक फिल्ममध्ये माझ्या काकांसारखे दिसता, तुम्ही माझे काका आहात का?" ॲक्सेलनं दोन पानं लिहून कळवलं की मी तुमचा काका नाही, पण असतो तर आनंद झाला असता.

त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि चेहरा सगळ्यांना ओळखीचा होता. बाजारात माणसं थांबायची, डोकं खाजवायची. फ्रेस्नोची एक बाई तर हातच धरून बसली.

"तुम्ही आमचे दंतवैद्य ना?"

"हो," हा म्हणाला. "कशी आहे दाढ?"

"उजवीकडची अजून दुखते हो."

"मग डावीकडून खा."

ती समाधानानं गेली. मी म्हटलं, "असं खोटं कशाला बोलायचं?" तर म्हणे, "इर्मा, तिला दंतवैद्य हवा होता. नट घेऊन ती काय करणार?"

रोज संध्याकाळी सहा वाजता तो काम देणाऱ्या कचेरीला फोन करायचा. "उद्या काही?" एवढंच विचारायचा. बहुतेक वेळा "नाही" येई. कधी "पाद्री" येई, कधी "शेरीफ, घोड्यासकट" येई. मग तो पेटी उघडायचा. पाद्रीची पांढरी पट्टी, न्यायाधीशाचा झगा, डॉक्टरची बॅग, सगळं त्यात इस्त्री करून ठेवलेलं. मूकपट होते तोवर आठवड्याला तीन-चार दिवस काम असे. १९२६ साली एकाच वर्षात तो नऊ वेळा न्यायाधीश झाला आणि तेरा माणसांना फाशी दिली. त्याचे मित्र सांगतात, तेव्हा रात्री जेवताना मोजायचा आणि म्हणायचा, "आज दोघं होते, पण एक निर्दोष निघाला."

मग बोलपट आले. त्याच्या बोलण्यात तुमच्या घरचा डॅनिश हेल होता, तो काही गेला नाही. आयोवाचा डॉक्टर असा बोलू शकतो हे इथे कुणाला पटेना. हळूहळू त्याला मागच्या रांगेत उभं करू लागले. दोन वर्षांपूर्वीचं त्याचं शेवटचं काम म्हणजे हॉटेलात वर्तमानपत्र वाचणारा माणूस. कागदाच्या वर फक्त डोळे दिसतात. तरी तो आदल्या दिवशी केस कापून आला होता.

मी पूर्वी फिल्म स्टुडिओत कामाला होते, कापण्याजोडण्याच्या खोलीत. तिथेच आमची ओळख झाली. तेव्हापासून कुणाची विचारपूस चुकवणारा माणूस म्हणून मी त्याला कधी पाहिला नाही. एवढंच सांगा, त्यानं उत्तर कुठल्या पत्त्यावर पाठवायचं होतं?

इर्मा


नॉर्बी
१९ फेब्रुवारी १९४९

मिसेस ब्रोस्ट्रप,

पत्ता नव्हता. तेच सांगते, कारण तुम्ही सरळ विचारलंत.

मी बहिरी आहे हे त्यानं तुम्हाला सांगितलं असेल. चार वर्षांची असताना तापात कान गेले. सरकारी शाळेत आम्हाला ओठ वाचायला शिकवलं. घरात माझ्याकडे तोंड करून बोलणारी दोनच माणसं होती, आई आणि ॲक्सेल. आई लवकर गेली.

आमचे वडील गावचे पोस्टमास्तर. पोस्ट आमच्या ओसरीतच होतं. ॲक्सेल सिनेमात गेल्याचं कळलं तेव्हा ते म्हणाले, "या घरात नटाचं पत्र येणार नाही." ओरडले असतील. मला ओरडणं आणि बोलणं सारखंच दिसतं. त्याचं प्रत्येक पत्र त्यांनी "नाकारले" असा शिक्का मारून परत पाठवलं. जवळच्या मिलब्रूक गावी आमच्या आडनावाचं पत्र आलं तरी ते इकडेच यायचं. मी मात्र लिहू शकत होते. शनिवारी अंडी विकायला मिलब्रूकला जायचे, तिथल्या पेटीत टाकायचे. शेवटी मीच लिहिलं, "तू पडद्यावर बोलतोसच. माझ्याशी बोल."

तुम्ही त्या धंद्यातल्या, तुम्हाला ठाऊक असेल. मूकपटात नट काय बोलतो याची कुणाला फिकीर नव्हती. ओठ हलले की झालं. तो न्यायाधीश होऊन फाशीची शिक्षा सुनवायचा. मधल्या पाटीवर लिहून यायचं, "परमेश्वर तुझ्या आत्म्यावर दया करो," आणि त्याचे ओठ म्हणत असायचे, "थिया, आईचा गुलाब यंदा फार छाटू नकोस." एकदा पाद्री होता, लग्न लावत होता. गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "थिया, या नवरीनं कांदा खाल्ला आहे, मला श्वास घेववत नाही." मिलब्रूकचं सगळं थिएटर डोळे पुसत होतं आणि मी हसत होते. तिकिटं विकणारी बाई पुढच्या शनिवारी म्हणाली, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

अकरा वर्षं असं चाललं. मी पत्रात विचारायचे. चार-पाच महिन्यांनी एखाद्या शनिवारी उत्तर यायचं. एक गोष्ट एकदाच सांगायचा. म्हणून मी एकही फिल्म चुकवली नाही. वडील समजत, अंड्यांना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो.

१९२७ च्या जूनमध्ये शेजारच्या येन्स होव्हगार्डनं मला मागणी घातली. दोन मुलांचा विधुर. मी चौतीस वर्षांची. वडील म्हणाले, "मग इथे माझं कोण करणार?" मी ॲक्सेलला लिहिलं, "मी तुझ्याकडे येऊ? की येन्सशी लग्न करू? की इथेच राहू? तू सांगशील ते करीन." येन्स म्हणाला, वसंतापर्यंत थांबतो.

पुढच्या फेब्रुवारीत एक फिल्म आली. पुरात अडकलेल्या गावाची. ॲक्सेल डॉक्टर होता. आजारी मुलीच्या घरी रात्री होडीतून येतो. दार उघडलं. तो उंबऱ्यावर उभा राहिला, टोपी काढली, सरळ माझ्याकडे पाहिलं, ओठ उघडले. आणि लगेच ती मुलगी बिछान्यात बसून सूप पीत होती. मला वाटलं, माझी पापणी लवली. दुसरा खेळ पाहिला. पुढच्या आठवड्यात सोळा मैल जाऊन दुसऱ्या गावात पाहिला. तोंड उघडलं आणि काही बोलला नाही. त्यानंतरच्या फिल्ममध्ये तो पाठमोरा उभा होता.

त्याला बोलायचंच नव्हतं, असं मी समजले. वसंत गेला. येन्सनं शाळेतल्या बाईशी लग्न केलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

डॉर्थिया


लॉस एंजेलिस
२७ फेब्रुवारी १९४९

मिस ब्रोस्ट्रप,

तुमचं पत्र मिळालं. इतकं मोकळेपणानं लिहिलंत, आभारी आहे.

या आठवड्यात त्याची पेटी आवरली. न्यायाधीशाचा झगा एका मित्राला दिला, त्याला जरा आखूड होतो. काळे कोट दोन होते, एक चर्चला दिला. बुटांचे सात जोड निघाले. माझी जुनी मैत्रीण मॉड मदतीला आली होती. ती म्हणाली, हे बूट आता कुणाला होणार नाहीत, ॲक्सेलचे पाय रेल्वेच्या डब्यांसारखे होते. इथे चार दिवस पाऊस आहे. लिंबाच्या झाडाला फुलं आली आहेत.

मला थोडं बरं नाही. पुन्हा लिहीन.

इर्मा


नॉर्बी
७ मार्च १९४९

मिसेस ब्रोस्ट्रप,

मी तुम्हाला जे लिहिलं ते लिहायला मला एकवीस वर्षं लागली. तुम्ही उत्तरात बुटांचे जोड मोजलेत.

मी माणसांची तोंडं पाहूनच जगत आले. कुणी काही गिळलं की मला दिसतं. कागदावरही दिसतं. काय ते सांगा.

डॉर्थिया


लॉस एंजेलिस
१३ मार्च १९४९

डॉर्थिया,

सांगते.

ती पुराची फिल्म माझ्या हातातून गेली. १९२७ च्या शरदात मी आणि मॉड ती जोडत होतो. एके दुपारी एक उंच माणूस टोपी हातात धरून आमच्या दारात आला. नटांना त्या खोलीत यायची परवानगी नव्हती.

"मिस, तुमच्याकडे पुराची फिल्म आहे. त्यात डॉक्टर दारात उभा राहून बोलतो, तेवढं ठेवाल का? दहा सेकंदांचं आहे."

मॉड म्हणाली, "ओळखलं तुम्हाला. तुम्ही काल फाशी देत होता."

"आज रजा आहे," तो म्हणाला.

"इथे येणारा प्रत्येक नट आपला चेहरा मागायला येतो. तुम्हालाही नाकाची डावी बाजूच हवी असेल."

"चेहरा नको," तो म्हणाला. "कपाळ कापा, नाक कापा. ओठ दिसले म्हणजे पुरे."

मॉड इतकी हसली की तिच्या हातातलं रीळ सुटलं. मला तो माणूस आवडला. मी म्हटलं, "ठेवते." का हवंय ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या नटाची हौस असेल. तो तेव्हा बेचाळीसचा होता, पण मला म्हातारा वाटला.

मी ते ठेवलं. शहरातल्या मोठ्या थिएटरात फिल्म लागली, त्यानं स्वतः जाऊन पाहिली आणि दुसऱ्या दिवशी टोपलीभर अंजिरं घेऊन आला. "तुम्ही शब्द पाळलात," म्हणाला.

जानेवारीत वरून हुकूम आला. लहान गावांत एका संध्याकाळी दोन खेळ बसले पाहिजेत, म्हणून तिकडे जायच्या प्रतींतून बाराशे फूट कमी करा. कोणते, ते कुणी सांगितलं नाही. ते माझ्यावर सोपवलं होतं. डॉक्टर येतो, दारात उभा राहतो, बोलतो, मुलगी बरी होते. मधलं काढलं तरी गोष्ट कळत होती. मी काढलं. मला त्याला दिलेला शब्द आठवला होता, विसरले होते असं नाही. मी मनाशी म्हटलं, हा माणूस काही आयोवात जाऊन फिल्म बघणार नाही.

त्याला मी कधी सांगितलं नाही. तीन वर्षांनी आमचं लग्न झालं. दर वाढदिवसाला घरी चार मित्र जमायचे आणि तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "या बाईनं माझं दार वाचवलं. नट मंडळी, अशी बायको शोधा." त्या वेळी मी कॉफी आणायला उठायचे. अठरा वर्षं मी त्या वाक्याला कॉफी आणायला उठले. एकदा सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि "साखर किती?" असं विचारलं.

तो गेला तेव्हा त्याला असंच वाटत होतं, की तुम्ही ते पाहिलंत आणि त्यामुळे रागावलात. तुमचं उत्तर त्यानं चुकवलं नाही. ते मी कापलं.

काल त्याच्या तंबाखूच्या डब्यात फिल्मचा एक गुंडाळा सापडला. लग्नाच्या वर्षी शहरातल्या जुन्या प्रती वितळवायला निघाल्या होत्या. तेव्हा त्यानं माझ्याकडे भेट म्हणून हाच तुकडा मागितला होता आणि मी कापून दिला होता. ती फिल्म टिकाऊ नसते. मधला भाग चिकटून काकवीसारखा झाला आहे. दोन्ही टोकं बरी आहेत. मॉड अजून फिल्म धुण्याच्या कारखान्यात आहे. ती म्हणते, जेवढी चित्रं शाबूत आहेत त्यांचे कागदावर फोटो काढून देते.

मला ओठ वाचता येत नाहीत. त्यात काय आहे ते मला माहीत नाही. ते तुमचं आहे, म्हणून पाठवीन. जागेविषयी आता मी काही मागत नाही.

इर्मा


लॉस एंजेलिस
२२ मार्च १९४९

डॉर्थिया,

सोबत एकाहत्तर फोटो आहेत. दोन गठ्ठे दोऱ्यानं बांधले आहेत. पहिल्यात तेहतीस, दुसऱ्यात अडतीस. मधले शंभरेक गेले. मागे आकडे घातले आहेत, क्रम चुकवू नका. मॉडनं सांगितलं, गठ्ठा एका हातात घट्ट धरून अंगठ्यानं भरभर पानं सोडली की तो हलतो.

मी करून पाहिलेलं नाही.

इर्मा


नॉर्बी
९ एप्रिल १९४९

इर्मा,

मी अकरा दिवस तुझ्यावर रागावले होते. पुढचं लिहायच्या आधी हे सांगितलेलं बरं. गठ्ठे आले त्या दिवशी ते मी पिठाच्या डब्यामागे ठेवले आणि कोंबड्यांवर ओरडत फिरले. माझं ओरडणं चांगलं नाही म्हणतात. कोंबड्या दोन दिवस अंडी देईनात.

बाराव्या दिवशी खिडकीशी बसले आणि सोडले.

तो हलला. बेचाळीस वर्षांचा, टोपी हातात, कपाळावर ओले केस. मला त्याचा आवाज आठवतच नाही, त्यामुळे तुझ्यापेक्षा माझं कमी गेलं आहे. मला तो पुरा मिळाला.

पहिल्या गठ्ठ्यात तो म्हणतो, "थिया, माझ्याकडे एकच खोली आहे, आणि." तिथे पहिला गठ्ठा संपतो. शंभर चित्रांत तो काय म्हणाला ते गेलं. दुसरा सुरू होतो तेव्हा "येन्स" हा शब्द ओठांवर संपत असतो, आणि मग, "माझी वाट पाहत बसू नकोस." मग ओठ मिटतो आणि कॅमेऱ्याकडे बघत राहतो. शेवटची नऊ चित्रं तशीच आहेत. दिग्दर्शकानं त्याला हाक मारली असणार.

मी शंभरदा पाहिलं. दुसरं काही निघत नाही. मधे काय असेल याचा अंदाज मी करू शकते, तूही कर. पण त्यानं ये म्हटलं नव्हतं, हे नक्की. लग्न कर म्हटलं असावं. हे मला त्या फेब्रुवारीत दिसलं असतं तर मी दोन आठवडे रडले असते, त्याला एक वाईट पत्र लिहिलं असतं आणि मग येन्सशी लग्न केलं असतं. आमचं जमलंही असतं. येन्स अजून शेजारीच राहतो. सत्तरीला आला आणि आता त्यालाच ऐकू येत नाही. बायको ओरडून दमली. गेल्या हिवाळ्यापासून दर मंगळवारी मी त्याला ओठ वाचायला शिकवते. अतिशय ढ आहे. "भाकरी" म्हटलं की "पाऊस" समजतो आणि खिडकी लावायला उठतो.

तेव्हा सगळं तुझ्या कात्रीवर ढकलता येत नाही. १९३१ साली वडील गेले आणि पोस्टाचं काम मी सांभाळू लागले. महिन्याभरात ॲक्सेलचं पत्र आलं. जाडजूड होतं. मी वडिलांचा शिक्का उचलला आणि "नाकारले" असा मारून त्याच गाडीनं परत पाठवलं. शाई नीट उमटली नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. त्यात काय होतं ते मला कळणार नाही. बहुधा त्यात सगळं होतं. हे मी पहिल्या पत्रात तुला सांगितलं नव्हतं. तो कुणालाही उत्तर द्यायचा असं तू लिहिलंस, तेव्हाही मी गप्प बसले. पुढे फक्त नाताळची कार्डं आली-गेली, नुसती नावं लिहिलेली.

तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या पत्रात दिसतंय: त्याला खरं कळलं असतं तर त्यानं तुझ्याशी लग्न केलं असतं का, हे तुला विचारायचं आहे. मला माहीत नाही. लहानपणी तो कुणावर रागावला तर दुपारच्या जेवणापर्यंत विसरायचा, कारण आठवून रागावण्याचा त्याला कंटाळा होता. लक्षात ठेवायचं काम आमच्या घरात वडिलांकडे आणि माझ्याकडे होतं.

आता जागेचं. मी पास्टरकडे गेले. पाटीवर लिहून विचारलं, रक्षेला किती जागा लागते. त्यांनी हातानं दाखवलं, भाकरीच्या डब्याएवढी. मग मी लिहिलं, म्हणजे एका जागेत दोघं मावू.

ते म्हणाले, "तसं मावाल, डॉर्थिया, पण मग तुम्हालाही जाळून घ्यावं लागेल. ब्रोस्ट्रपांच्या घरात असं कधी झालेलं नाही."

मी लिहिलं, "ब्रोस्ट्रपांच्या घरात बरंच काही कधी झालं नाही." त्यांनी पाटी पुसली, पण कागदावर सही केली.

जमीन मोकळी झाली आहे. त्याला घेऊन ये. २८ तारखेला, गुरुवारी, दुपारची गाडी मिलब्रूकला थांबते. येन्स ट्रक घेऊन येईल. त्याला काही सांगू नकोस, त्याला ऐकू येणार नाही आणि तो हो म्हणेल. पायात जाड बूट घाल, दफनभूमीत चिखल आहे. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. दुसरीत बिछाना घातला आहे. किती दिवस राहायचं ते तू ठरव.

आणि एक. गाडीतून उतरलीस की माझ्याशी ओरडून बोलू नकोस, सगळे ओरडतात. सावकाशही बोलू नकोस, त्यानं तोंड वेडंवाकडं होतं आणि काही कळत नाही. उजेडाकडे तोंड करून उभी राहा आणि नेहमी बोलतेस तशी बोल. तो सकाळी उठून काय खायचा, तिथून सुरू कर.

डॉर्थिया